टोपीवरचा सुरय

पोस्टकाकांनी चौतीस वर्षं पोस्टात सॉर्टिंग केलं. समोर साठ खणांचं लाकडी कपाट, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्त्यावर नजर पडायची आणि हात खणाकडे गेलेला असायचा. मधे विचार नाही.

निवृत्तीनंतर घरात त्यांचा जीव रमेना. चमचे लावून झाले, स्क्रू लावून झाले, औषधं तारखेप्रमाणे लावून झाली. काकू वैतागल्या. "आता मलाही एखाद्या खणात टाका आणि बाहेर पडा," म्हणाल्या.

काका बाहेर पडले ते थेट समुद्रावर. महिन्यातून दोन रविवारी एक भाड्याची बोट देवमासे, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी मोजायला जायची. पगार नाही. डबा ज्याचा त्यानं न्यायचा. सर्वेक्षणाच्या मॅडमना चांगल्या डोळ्यांची माणसं हवी होती, आणि काकांना चष्मा फक्त वाचायला लागायचा. पोस्टकाका हे नाव बोटीवरच पडलं.

काम दिसायला सोपं होतं आणि जीव काढायचं. नकाशावर आखलेल्या रेघेवरून बोट एका वेगानं जाणार. काका केबिनच्या छपरावर उभे, गळ्यात दुर्बीण. दिसेल ते ओरडून सांगायचं. काय, किती, कुठल्या बाजूला, किती लांब. मागे बसलेल्या मॅडम ते तक्त्यात लिहिणार. पक्ष्यांचा रकाना, डॉल्फिनचा, देवमाशांचा, बोटींचा आणि शेवटचा कचऱ्याचा. रेघ सोडायची नाही. दिसेल त्याच्या मागे गेलं की मोजणी बिघडते. दुसरा नियम त्याहून कडक होता. पाहिलं तेवढंच सांगायचं. 'वाटलं' हा शब्द बोटीवर चालत नसे.

एकदा एक दमलेला सुरय वाऱ्यातून आला आणि काकांच्या टोपीवर बसला. काळपट पाठ, पांढरं कपाळ, किनाऱ्याकडे न फिरकणारा पक्षी. वीस मिनिटं बसला. काकांनी मान हलवली नाही. आलेली शिंकसुद्धा गिळली.

"काका, अंडं घालेपर्यंत थांबा!" बोटवाला खालून ओरडला.

मॅडमनी फोटो काढला. तो फ्रेम होऊन काकांच्या घरी टीव्हीच्या वर लागला. आल्यागेल्याला दाखवायचा एवढा एकच फोटो त्यांच्याकडे होता.

मग तो रविवार आला. आदल्या रात्री जोराचं वारं सुटलं होतं. सकाळीही लाटा शमल्या नव्हत्या आणि पाण्यावरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं. दहा चाळीसला काका ओरडले, "सुरय एक! उजवीकडे, चारशे मीटर. बसलेला."

"पाण्यावर?" मॅडमनी विचारलं.

"कशावर तरी. नारिंगी आहे."

ते नारिंगी काहीतरी लाटेमागे गेलं, पुन्हा वर आलं. काकांची दुर्बीण पक्ष्याच्या कपाळावर रोखलेली होती. सुरय ओळखायचा तर कपाळ बघावं लागतं.

"नारिंगी कचऱ्यात लिहू?"

"लिहा."

बोट रेघेवरून पुढे गेली. त्या मोसमातला तो पहिलाच सुरय होता. बोटवाल्यानं सगळ्यांना चहा दिला. "तुमच्या टोपीवरचा पाहुणा परत आला बघा," तो म्हणाला. काका खुशीत हसले.

मंगळवारी पेपरात चार ओळी होत्या. शनिवारी रात्री मासेमारीची एक बोट उलटली. तिघांपैकी दोघांना रविवारी दुपारी वाचवलं. तिसरा उजाडेपर्यंत त्यांच्याशी बोलत होता, मग लाटांनी लांब गेला. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. उत्तरेकडे शोध चालू आहे.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"उत्तरेकडे नाहीये तो," ते म्हणाले.

"कोण?" काकूंनी विचारलं. काकांनी सांगितलं. काकूंनी पेपर ओढून घेऊन त्या चार ओळी वाचल्या. मग म्हणाल्या, "कुणाला ठाऊक आहे हे?"

"कुणालाच नाही."

"मग नका बोलू. तुम्ही बुडवलंत का त्याला?"

काका बूट घालायला लागले होते.

"अहो, जेवून तरी जा."

मॅडमनी ऑफिसात तक्ता काढला. ओळीवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, तो गेलेलाच असणार," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "पक्षी बसला होता ना त्याच्यावर? जिवंत माणसावर पक्षी बसत नाही."

बोलून झालं आणि त्या थांबल्या. तो फोटो त्यांनीच काढला होता.

काकांना मानेतली ती कळ आठवली. वीस मिनिटं. पक्षी उडू नये म्हणून ते मुद्दाम हलले नव्हते. दमलेल्या माणसाला तर मुद्दाम स्थिर राहावंही लागत नाही.

तक्त्याची प्रत घेऊन ते बंदराच्या कार्यालयात गेले. तिथल्यांनी जागा पाहिली, वेळ पाहिली, प्रवाहाचा हिशोब मांडला. दुसऱ्या दिवशी तो दक्षिणेला सापडला. डॉक्टर एवढंच सांगू शकले की तो रविवारी गेला. किती वाजता, ते सांगता येईना.

"त्यांच्या घरी जाऊ नका," मॅडम फोनवर म्हणाल्या. "गेलातच तर म्हणा, हालचाल नव्हती. त्यांनाही बरं पडेल, तुम्हालाही."

त्याच्या घरी जायच्या सकाळी काकांनी टीव्हीवरचा फोटो उतरवला आणि कपाटात पालथा ठेवला.

तिसरा मजला, अरुंद जिना. त्याच्या बहिणीनं दार उघडलं. खोलीत शिलाई मशीन होतं आणि सुईखाली अर्धवट शिवलेली बाही अडकलेली होती. काकांनी दाराशी बूट काढले. तिनं खुर्ची दिली, स्वतः मशीनच्या स्टुलावर बसली.

"तुम्हीच तो कागद दिलात?"

"हो."

"हात करत होता का तो?"

मॅडमचं वाक्य काकांच्या जिभेवर तयार होतं. दोनच शब्द होते.

"मी पाहिलं नाही," काका म्हणाले. "माझी नजर पक्ष्यावर होती."

"कुठल्या पक्ष्यावर?"

"सुरय. त्याच्यावर बसला होता."

"पक्ष्याचं नाव लिहिलंत?"

"हो."

"आणि माझ्या भावाला काय लिहिलंत?"

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"कचरा," ते म्हणाले.

ती ओरडली नाही. उठली आणि तिनं दार उघडलं. काका बूट घालायला वाकले. नाडी बांधता येईना. एकदा सुटली, पुन्हा सुटली. दार धरून ती उभी राहिली, दुसऱ्या नाडीची गाठ बसेपर्यंत. बराच वेळ लागला.