पिवळं कार्ड आणि गॅरेजमधला फ्रिज

“हा लॉट आम्ही परत घेऊन जातो,” मिस्टर हान म्हणाले, आणि माझ्या बॉसच्या, ग्रेगच्या हातातला डोनट हातातच राहिला.

२००३ चा फेब्रुवारी. बाहेर, अमेरिकेतल्या पार्सिपनी गावात, गुडघाभर बर्फ. हा माणूस थेट कोरियाहून आलेला, त्याच्या कारखान्याचं भवितव्य या एका मीटिंगवर, आणि शेवटच्या स्लाइडवर येऊन तो म्हणतो, माल परत नेतो! आणि या लोकांना इथपर्यंत आणलं होतं मी.

आधी माझं काम सांगते. मी सप्लायर क्वालिटी इंजिनिअर. म्हणजे कंपनी बाहेरून जे पार्ट विकत घेते ते घेण्यालायक आहेत का, आणि बनवणारा कारखाना भरवशाचा आहे का, हे बघणारी बाई. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघतात ना, तसंच. भाजीवाल्याला असलं गिऱ्हाईक आवडत नाही, सप्लायरला मी आवडत नाही. चालायचंच.

आमची कंपनी हॉस्पिटलसाठी इन्फ्यूजन पंप बनवायची. सलाइनमधून औषध किती आणि किती वेळात जायचं हे ठरवणारी ती पेटी. तिच्यात अंगठ्याएवढी मोटर असते. ती सलग फिरत नाही, ठरावीक पावलं टाकत फिरते. दोनशे पावलं म्हणजे एक फेरी. तिने पावलं चुकवली तर पेशंटला औषध कमी जातं. त्यामुळे या मोटरच्या बाबतीत “चलता है” अजिबात चालत नाही.

जुना सप्लायर जूनमध्ये ही मोटर बनवणं बंद करणार होता. नव्यासाठी दोन नावं शिल्लक होती. एक मोठी, चकाचक कंपनी. तिचे रिपोर्ट पानोपानी हिरवे, सगळीकडे पास. दुसरा मिस्टर हानचा कारखाना. हा पूर्वी एका बड्या ग्रुपचा भाग होता. सत्त्याण्णव साली कोरियाची अर्थव्यवस्था गडगडली तेव्हा तो ग्रुप बुडाला. नंतर दीडेकशे कामगारांनी आणि मूठभर मॅनेजरांनी मिळून एवढा एक कारखाना वाचवला, नव्या नावाने उभा केला. आमची ऑर्डर मिळाली तर त्यांची बंद पडलेली दुसरी लाइन सुरू होणार होती. नाही मिळाली तर ती मशिनं विकायची, हेही ठरलेलं. मिस्टर हाननी हे माझ्यापासून लपवलं नव्हतं.

तर त्या मीटिंगमध्ये झालं असं. मिस्टर हान कंपनीचे प्रेसिडेंट, वय साठीच्या आसपास, स्लाइड दाखवत होते. “कोल्ड टेस्ट, पास,” ते म्हणाले. टेबलाच्या टोकाला त्यांची इंजिनिअर मिस युन बसली होती. असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिने खिशातून एक पिवळं कार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं.

“हे काय, सॉकर आहे?” ग्रेग हसला. कोरियात वर्ल्ड कप होऊन वर्षही झालं नव्हतं.

दुसरं कोणी हसलं नाही. युन कोरियनमध्ये एक वाक्य बोलली. शब्द कळले नाहीत, पण स्लाइडकडे बोट दाखवून ती साहेबांना थांबवतेय, हे कळलं. माझी पहिली नोकरी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात. तिथे गिऱ्हाइकासमोर साहेबांचा आकडा कोणी दुरुस्त केला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच अडवलं असतं! मला वाटलं, संपली ही पोरगी.

मिस्टर हान तिच्याकडे वळले, मान झुकवून “थँक यू” म्हणाले. मग इंग्लिशमध्ये म्हणाले, “आता हे कस्टमरला सांग.”

तिने सांगितलं. सॅम्पलच्या मोटर सकाळी भाड्याच्या गाडीच्या डिकीत होत्या. लॅबमध्ये आणून लगेच लावल्या तेव्हा दोन मोटर अडखळल्या, मग गरम झाल्यावर नीट चालल्या. बाकीच्यांनी सोडून दिलं. हिने कारखान्यात फोन करून विचारलं; उत्तर आलं ते मीटिंग सुरू झाल्यावर. जानेवारीत मोटरमधलं ग्रीस, म्हणजे वंगण, बदललं होतं. नव्या ग्रीसवर कोल्ड टेस्ट झालीच नव्हती. स्लाइडवरचा ‘पास’ जुन्या ग्रीसचा होता.

“म्हणून मी थांबवते,” ती म्हणाली.

आणि मिस्टर हान म्हणाले, लॉट परत घेऊन जातो.

कॉरिडॉरमध्ये ग्रेगने मला गाठलं. “मेधा, दे आर डन. स्वतःच्या तोंडाने माल खराब म्हणताहेत! दुसऱ्याला फोन लाव.”

“ग्रेग, एक मिनिट. मी बारा वर्षं हे काम करतेय. आपल्याला कळायच्या आत स्वतःहून चूक सांगणारा एकतरी सप्लायर तू पाहिलायस?”

“चूक न करणारे पाहिलेत.”

“तेही चुकतात, फक्त सांगत नाहीत रे!”

आवाज जरा चढलाच माझा. पलीकडच्या क्यूबिकलमधून दोन डोकी वर आली. ग्रेग वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या डोक्यावर जून महिना बसला होता. तो म्हणाला, “शुक्रवारी मी डिसिजन घेणार. तोपर्यंत मला दाखव की प्रॉब्लेम ग्रीसचाच आहे, आणि सुटणारा आहे. नाहीतर विषय संपला.”

तो दिवस मंगळवार. आमच्याकडे एक कोल्ड चेंबर होतं, म्हणजे हवं ते तापमान धरून ठेवणारं मोठं कपाट. ते दुसऱ्या प्रोजेक्टने दोन आठवडे अडवलेलं. मी विनवण्या केल्या, चिडले, शेवटी चक्क डब्यातले बेसनाचे लाडू देऊ केले. लाडू घेतले, चेंबर दिलं नाही.

हवं होतं किती? पाच डिग्री सेल्सियस. हिवाळ्यात ॲम्ब्युलन्समध्ये पंप गार पडतो, तेव्हाही तो चालला पाहिजे, म्हणून पाच. मी कपाळावर हात मारला. अगं बाई, घरच्या फ्रिजमध्ये काय असतं? चार-पाचच की!

अमेरिकेतल्या बहुतेक देशी घरांत दुसरा फ्रिज असतो, गॅरेजमध्ये. महिन्याचं इंडियन ग्रोसरी एकदम आणायचं, मग घरातला पुरतो कुठे? आमच्याही होता. सही करून सॅम्पल घेतले, मोटर चालवायचा छोटा ड्रायव्हर बॉक्स घेतला, आणि बुधवारी दुपारी पाहुण्यांना थेट घरी नेलं.

निघताना माझं लक्ष लॅबच्या कपाटाकडे गेलं. तिथे त्या चकाचक कंपनीचे सॅम्पल पडून होते. चार महिन्यांपूर्वी मीच पास केलेले. म्हटलं, तुलनेला असू देत. बारा यांच्या, बारा त्यांच्या.

गॅरेजमध्ये माझा नवरा शिरीष हात कमरेवर ठेवून बघत उभा. “मेधा, माझं श्रीखंड कुठे ठेवलंस?”

“घरातल्या फ्रिजमध्ये. आणि हात लावू नकोस, पाहुण्यांसाठी आहे.”

मेथी, कढीपत्ता, दह्याचे डबे सगळं बाहेर काढलं. मोटर ओळीने मांडल्या, वायरी दाराच्या रबरातून बाहेर काढल्या, आत थर्मामीटर ठेवला. प्रत्येक मोटरच्या दांड्यावर मी माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. गंमत सोपी आहे. मोटरला नेमक्या हजार फेऱ्या मारायला सांगायचं. पावलं चुकली नाहीत तर ठिपका जिथून निघाला तिथेच येऊन थांबतो. चुकली तर भलतीकडेच. मिस युनने ठिपके बघितले आणि पहिल्यांदा खळखळून हसली.

मोटर आतपर्यंत गार व्हायला चार तास लागणार होते. आम्ही गॅरेजमध्येच हीटर लावून चहा घेत बसलो. मी न राहवून विचारलंच, “हे कार्डाचं खूळ कुठून आलं?”

मिस्टर हान म्हणाले, “ग्रुप बुडाला तेव्हा मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो. गोडाऊनमध्ये न खपलेल्या मोटर छतापर्यंत रचल्या होत्या. मला माहीत होतं. माझ्या वरच्याला मी थोडं कमी करून सांगितलं. त्याने त्याच्या वरच्याला अजून थोडं कमी करून. आमची इमारत नऊ मजली होती. नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत गोडाऊन रिकामं झालेलं असायचं.”

शिरीष हसला, मग मिस्टर हानचा चेहरा बघून त्याने त्यांच्या कपात अजून चहा ओतला.

“ग्रुपमधल्या कंपन्या एकमेकींच्या कर्जाला जामीन होत्या. एक गेली, तिने दुसरीला ओढलं. माझ्या हाताखालच्या माणसांनी टॅक्सी चालवल्या, देशाचं कर्ज फेडायला घरातलं सोनं काढून दिलं. नंतर देशात कायदे बदलले. एकमेकींना जामीन राहणं बंद. हिशेब उघडे. बोर्डावर बाहेरची माणसं हवीतच. पण कायदा नवव्या मजल्यासाठी असतो. खालच्या मजल्याचं काय? म्हणून आम्ही कार्डं छापली. प्रत्येकाच्या खिशात एक. ते ठेवलं की काम थांबतं, आणि वरच्याने आधी आभार मानायचे, मग कारण विचारायचं.”

“आणि तुम्हाला राग नाही येत?”

“येतो की! काल फार आला होता.” ते युनकडे बघून म्हणाले. ती कपात बघत राहिली.

संध्याकाळी सहाला थर्मामीटर पाचवर स्थिर झाला. मी बटण दाबलं. फ्रिजमधून घुंगुरटं अडकल्यासारखा आवाज येऊ लागला. काय सांगू, एवढी धडधड मला दहावीच्या रिझल्टलाही झाली नव्हती! हजार फेऱ्या झाल्या. आवाज थांबला. मी दार उघडलं.

मिस्टर हानच्या बारांपैकी तीन ठिपके सरकलेले. तेवढी आम्हाला अपेक्षा होतीच. मिस युनने एक मोटर काढली, आमच्या गॅरेजमधल्या टेबलावर उघडली, नवं ग्रीस पुसून तिच्या हत्यारांच्या पेटीत उरलेलं जुनं भरलं. तीच मोटर परत फ्रिजमध्ये. मग तिने दुसरी उघडली, मग तिसरी.

आणि मी खालच्या कप्प्याकडे वाकले. तिथे होत्या त्या चकाचक कंपनीच्या.

बारांपैकी सात ठिपके भलतीकडे.

मी परत मोजले. शिरीषकडून मोजून घेतले. सात! पानोपानी हिरवा रिपोर्ट, आणि त्याखाली माझी सही. मी ती कोल्ड टेस्ट स्वतः केली नव्हती. रिपोर्ट इतका सुबक होता, कंपनी इतकी नावाजलेली, की वाचून सही ठोकली होती. दुसऱ्यांची भेंडी मोडून बघणारी मी, आणि इथे नुसता देठ बघून पिशवी भरली.

मिस्टर हान माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी ते सात ठिपके पाहिले. एक अक्षर बोलले नाहीत, आणि दुसऱ्या कप्प्याकडे वळले. प्रतिस्पर्ध्याच्या सात नापास मोटर समोर दिसत असताना! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

गुरुवारी सकाळी तिन्ही मोटर जुन्या ग्रीसवर पुन्हा चालवल्या. तिन्ही ठिपके जागच्या जागी. मी आणि मिस युनने गॅरेजमध्ये अक्षरशः उड्या मारल्या.

पण ग्रेगसमोर उभं राहायचं होतं मलाच. गाडी चालवताना मनात नाही नाही ते येत होतं. ग्रीन कार्डची फाइल अर्ध्यावर, कंपनीत ले-ऑफची कुजबुज. त्या सात मोटरचं सांगायची गरजही नव्हती. ग्रीसचा प्रॉब्लेम सुटला एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मग ग्रेगने स्वस्त म्हणून ती चकाचक कंपनी निवडली असती तर? कुठल्यातरी ॲम्ब्युलन्समध्ये ती मोटर अडखळली असती, आणि ते फक्त मला माहीत असतं.

मी दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. फ्रिज, ठिपके, ग्रीस, सात मोटर, माझी सही.

“तू टेस्ट न करता सही केलीस?” ग्रेग.

“हो.”

“आणि आता मला घरच्या फ्रिजचा डेटा दाखवतेयस?”

“हो. म्हणून चेंबर दे. आजच. दोन्ही टेस्ट ऑफिशियल होऊ देत. मी चुकीची ठरले तर पुढचं तू ठरव.”

त्याने फोन उचलला आणि ज्या लोकांनी माझे लाडू खाल्ले होते, त्यांना चेंबर रिकामं करायला लावलं.

शुक्रवारी दुपारी आकडे आले. आमच्या गॅरेजमध्ये आले होते जवळजवळ तसेच. चकाचक कंपनी बाद झाली. मिस्टर हानना ग्रेगने अट घातली: जुन्या ग्रीसचा नवा लॉट, पूर्ण टेस्ट करून, सहा आठवड्यांत. तो पाचव्या आठवड्यात आला. मी एकेक मोटर स्वतः चेंबरमध्ये घातली. सगळे ठिपके जागेवर.

अप्रूव्हल कळवायला मी फोन केला तेव्हा त्यांच्याकडे सकाळची शिफ्ट लागत होती. “मिस्टर हान, यू आर अप्रूव्ह्ड,” म्हटलं. त्यांनी कोरियनमध्ये काहीतरी ओरडून सांगितलं आणि रिसिव्हर शॉपफ्लोअरकडे धरला असावा. काय तो गलका! टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी पत्रा बडवत होतं. मी माझ्या क्यूबिकलमध्ये एकटीच उभी राहून हसत होते आणि रडत होते. एप्रिलमध्ये त्यांची दुसरी लाइन सुरू झाली.

माझी नोकरी टिकली. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये मात्र ‘टेस्ट न करता सही’ असं स्वच्छ लिहिलं गेलं आणि इन्क्रिमेंट नावापुरतं मिळालं. बरोबरच होतं ते, मी वाद घातला नाही.

आता नव्या सप्लायरकडे गेले की मी मशिनं नंतर बघते. आधी विचारते, “तुमच्याकडे साहेबाला शेवटचं ‘थांबा’ कोणी म्हटलं होतं?” बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांकडे बघतात. एखाद्या ठिकाणी नाव सांगतात. मग मी म्हणते, “तो माणूस अजून इथे नोकरीला असेल तर मला भेटवा.”