ओल्या पेंढ्या

बोदवडजवळच्या खेड्यातले रुपचंदआबा चाळीस वर्षं ट्रॉलीत कडबा रचत आले. ओल्या, जड पेंढ्या तळाला आणि कोरड्या वर, हा त्यांचा नेम. भार खाली राहिला की वळणावर ट्रॉली कलंडत नाही. आज जावई प्रेमराज यांनी घाईत स्वतःच रचलं आणि ओल्या पेंढ्या वर टाकल्या.

"जावईबापू, वर फार जड झालंय."

"मामा, बराबर शे ते. या वयात तुम्हाला बठ्ठंच जड वाटतं."

जावयाला उलट कसं बोलायचं, म्हणून आबा बाजूला सरले. प्रेमराज ट्रॅक्टर घेऊन कालव्याच्या वळणाकडे निघाले आणि मागची ट्रॉली डोलायला लागली. आबा शेतातून आडवे धावले आणि वळणाआधी ट्रॅक्टरसमोर उभे राहिले.

"प्रेमराज, उतर खाली."