जरा सरका, साळवे सर!

आदरणीय यशवंत साळवे सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली आणि चूक माझी होती, हे या साठीच्या गौरवअंकात एकदाचे लिहून टाकते. आठवीत मी जिंतूरच्या शाळेत नाव घातले, तेव्हाची गोष्ट. गावाकडून यायला काळी-पिवळी जीप. मधल्या बाकावर चार जण ऐसपैस बसलेले, कडेला पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ. मी दारातूनच ओरडले, "ओ काका, सरका की जरा! बाक काय तुमच्या नावावर हाय का?" ते हसले आणि सरकले. ते सरकले म्हणून शेजारचे सरकले, मग त्यांच्या पलीकडचे, आणि मला जागा झाली. तासाभराने खेळाच्या तासाला तेच गृहस्थ गळ्यात शिट्टी घालून समोर उभे! मी मागच्या रांगेत लपले. सर एवढेच म्हणाले, "या, सरकाबाई."

त्या वर्षी शाळेच्या मैदानावर नव्या खोल्यांचे बांधकाम निघाले होते. उरले होते सिमेंटचे एक छोटे मैदान. खेळ बुडाला असे सगळे म्हणत होते, पण सरांनी फुटसाल, म्हणजे छोट्या जागेतला फुटबॉल, काढला. एका बाजूला पाचच खेळाडू, बॉल लहान आणि जड, फारसा उसळत नाही, तळपायाने दाबून थांबवायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी चौघींना बाकावर बसवले आणि ते मला म्हणाले, "घूस." मी घुसले, सगळ्या सरकल्या. "बघितलं? बॉल डावीकडं गेला की चौघींनी डावीकडं सरकायचं. एकटीनं बॉलमागं पळायचं न्हाई. एकीनं जागा सोडली की दुसरीनं भरायची. हे मला हिनं जीपमधी शिकवलं."

पुढे प्रशिक्षकांच्या शिबिरांतही सरांनी हा बचाव माझे नाव घेऊन शिकवला. एका उद्धट पोरीला श्रेय देणारा दुसरा गुरू मी पाहिलेला नाही. मला त्यांनी गोलकीपर केले, कारण गोलमधून सगळे मैदान दिसते आणि माझा गळा गावभर ऐकू जातो. "सरका!" म्हणून ओरडणे हेच माझे काम झाले.

चढाईसाठी सर चौकट मांडत: एक मागे, दोघी दोन बाजूंना, एक पुढे. ती समजावी म्हणून त्यांनी फळ्यावर पत्त्यातली चौकट काढली. आमच्या शैलाच्या आजोबांनी ती खिडकीतून पाहिली आणि गावभर बोभाटा केला, "मास्तर पोरींना पत्ते शिकवायलेत!" शैलाचा खेळ बंद झाला. सर त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि त्यांनी ओसरीवर सोयाबीनचे चार दाणे मांडून आजोबांना खेळ समजावून सांगितला. आजोबा मुरलेले पत्तेबाज. पुढचा बारका दाणा न्याहाळत म्हणाले, "मंग पुढं एक्का ठिवा की, मास्तर. दुर्री कशाला ठिवायलाव?" तेव्हापासून पुढच्या खेळाडूला आम्ही एक्का म्हणू लागलो, आणि पहिला एक्का झाली शैलाच.

या खेळात खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. सरांनी त्याचा असा अर्थ लावला की कुणीही नुसते बसून राहायचे नाही. सामना अटीतटीचा असला तरी दर तीन मिनिटांनी बाकावरची पोरगी आत जायची. मी यावरून त्यांच्याशी पुष्कळ हुज्जत घातली. ते म्हणत, "रेणुका, सगळा कारभार एक्क्यावर चालत न्हाई." आज स्वतः शिकवताना मीही हेच म्हणते आणि मनातल्या मनात कान पकडते.

दहावीच्या वर्षी मुख्याध्यापकांनी अट घातली. मुली परभणीच्या जिल्हा स्पर्धेत अंतिम सामन्यात पोचल्या तर ठीक, नाहीतर संध्याकाळी मैदान मुलांच्या व्हॉलीबॉलला. म्हणजे उपांत्य सामना हरलो की संघ मोडला.

एक-एक अशी बरोबरी होती. समोरच्या संघाला आमच्या गोलजवळ बाजूची किक मिळाली. तेवढ्यात गर्दी रेषेवर आली म्हणून माईकवाला गरजला, "सरका, सरका! मागं सरका!" आणि आमच्या चारही गुणी पोरी शिस्तीत मागे सरकल्या! समोरचीने मोकळ्या जागेतून आरामात गोल मारला. मला रडू फुटले. सरांनी एका मिनिटाची विश्रांती मागितली. आम्ही जवळ गेलो तर ते पोट धरून हसत होते. "माईकवाल्याचं बी ऐकतेत माज्या पोरी! आता असं करू. चौघींच्या बाकावर पाचवी बसवू. रेणुका, गोल सोड, पुढं जा."

मी पुढे गेले. दोन मिनिटे आम्ही पाच जणींनी बॉल असा फिरवला की लोक उभे राहून ओरडत होते. मग माझा एक पास चुकला, आणि रिकाम्या गोलमध्ये तिसरा गोल झाला. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही माना खाली घालून उभ्या होतो. सर म्हणाले, "गोल मी रिकामा ठेवला. शिक्षा मला करा, पोरींचं मैदान काढू नका."

"साळवे सर, मैदान एक, संघ दोन. मी जागा आणू कुठून?"

"जागा आणायची नसती, सर. अर्धा तास मुलांनी सरकायचं, अर्धा तास मुलींनी."

मग मुख्याध्यापक हसले आणि त्यांनी वेळापत्रकावर उभी रेघ मारून तास दोन भागांत वाटला. तेवढ्या अर्ध्या तासावर आमचा संघ जगला. आज त्याच मैदानावर मी मुलींना शिकवते. शैलाची मुलगी आमचा एक्का आहे.

सर निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, "आता मी सरकतो, जागा तुमची." सर, तुमच्यावर आमचा फार जीव आहे, म्हणून यावरही हुज्जत घालते. कडेची माणसे सरकतात ती उतरून जाण्यासाठी नव्हे, आणखी कुणाला तरी बसवण्यासाठी. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, गळ्यातली शिट्टी वाजत राहो आणि रोज संध्याकाळी आमच्या बाकाच्या कडेला तुम्ही दिसत राहा. वयाच्या बाकावर साठ वर्षे बसली आहेत, अजून चाळीस आरामात बसतील.

सरका की जरा, काका!