काळी जाळी

जिन्यात मुतारीसारखा वास आला की समजायचं, शेजारचा मुलगा मरोळच्या प्रयोगशाळेतून परतला. दिवसभर अमोनियातच असायचा ना तो. बोलणं कमी, पण सुरुवात ठरलेली, "म्हणजे बघा काकू."

एका शनिवारी आईला आपलं काम दाखवायला त्याने नखाएवढी प्लॅटिनमची जाळी घरी आणली. मी तेव्हा त्यांच्याकडेच बसले होते.

"म्हणजे बघा काकू, हा काळा थर प्लॅटिनमच्याच बारीक पुडीचा. वीज सोडली की अमोनिया मोडतो, वासाची साधी हवा होते."

सोमवारी त्या जाळीवर साहेबांना प्रयोग दाखवायचा होता. एवढं सांगून तो आंघोळीला गेला.

त्याची आई मालवणची. काळं काही दिसलं की घासायला हात शिवशिवायचे. मी "अगं" म्हणेपर्यंत चिंच आणि राखेने जाळी लख्ख. त्याची आठवड्याची मेहनत मोरीत गेली.

तो बाहेर येऊन बघतच राहिला.

"केवढी मळवलेलीस रे," आई म्हणाली.

"झकास निघाली गं," म्हणत त्याने पुन्हा चपला घातल्या. रविवारही प्रयोगशाळेतच गेला, नवा थर चढवण्यात.

सोमवारी प्रयोग जमला. आई बिल्डिंगभर सांगत सुटली, "मी घासून दिली म्हणून चालली."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे बघा काकू, स्वच्छ जाळीवर थर चांगलाच बसतो."