कोपरापासून खाली मी

माझ्यावर एक सिनेमा निघाला आहे. त्यात कोपरापासून खाली मी आहे, बाकीचा माझा मेहुणा आहे.

तोंड, खांदे, पाठ, चाल, डोळ्यांतलं पाणी, सगळं वसंताचं. हात तेवढे माझे. हा वसंता म्हणजे माझ्या बायकोचा, हिराचा, धाकटा भाऊ. जन्मभर कचेरीत पंख्याखाली बसला. मीठ त्याने फक्त ताटात बघितलं, आणि आता डॉक्टरने तेही बंद केलंय. असा माणूस सिनेमात मिठागरवाला झाला, आणि खरा मिठागरवाला घरी खुर्चीत बसून राहिला. हे कसं झालं ते लिहितो. शाळा मी चौथीत सोडली, त्यामुळे चुका निघतील. निघू देत. वसंताच्या तोंडापेक्षा त्या बऱ्या.

भाईंदरच्या खाडीकडे आमचं मिठाचं आगर होतं. बापाचं, त्याच्या बापाचं, मग माझं. ते बंद पडलं त्याला बरीच वर्षं झाली. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये, मीरा रोडला शांती नगरात राहतो आणि मीठ पुडीतलं खातो. ते सळसळ पडतं. ज्याला ओल धरत नाही ते कसलं मीठ? पण घरात माझं ऐकतो कोण.

माझी नात सायली हिला सिनेमाच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे म्हणे मार्क बघत नाहीत, स्वतः एक छोटा सिनेमा काढून पाठवावा लागतो. एक दिवस ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी तुमच्यावर काढणार. आगरातला माणूस."

मी वरवर म्हटलं, "मला कशाला मध्ये घेतेस?" आतून मी तेव्हाच कपडे ठरवून मोकळा झालो होतो.

कारण सांगतो. एवढी वर्षं आगरात काढली, पण तिथला माझा फोटो एकच. एका व्यापाऱ्याने काढलेला. त्याने मिठाची रास काढलीय आणि मी राशीच्या मागे आहे. (दिसत नाही, पण आहे. मला आठवतं.) म्हणजे आमच्या घराण्याने आगर केलं ह्याला पुरावा म्हणून माझं तोंड कुठेच नाही. आता सिनेमा निघणार, सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवणार, तर त्यात माझं तोंड आलं पाहिजे, आणि मालकाचं म्हणून आलं पाहिजे. एवढीच माझी इच्छा. मोठी आहे का?

ठरल्या दिवशी मी पांढरा सदरा, पांढरी पँट आणि पांढरी टोपी घालून तयार झालो. सायलीने बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"आजोबा, मळकं बनियन घाला ना. आणि गुडघ्यापर्यंतचं फडकं."

"का? मी मजूर होतो?"

"तुम्हीच सांगता ना, स्वतः मीठ ओढायचो म्हणून?"

"ओढायचो. मालक म्हणून ओढायचो."

"पण मीठ पांढरं, कपडे पांढरे, वर ऊन. कॅमेऱ्याला झेपत नाही ते."

"मग झेपणारा कॅमेरा आण."

हिरा आतून म्हणाली, "लग्नात पण असाच हट्ट केलता. तवा पण फोटो काळाच आला."

आगर आमचं राहिलं नव्हतं, म्हणून खाडीकडे अजून चालू असलेल्या एका आगरात परवानगी काढली होती. कॅमेऱ्यावर सायलीची मैत्रीण झोया. शांती नगरातलीच, पुढच्या सेक्टरमधली. पोरगी हुशार, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलते, पण मला आजोबाच म्हणते. तिचा मामा लग्नांची शूटिंग करतो, कॅमेरा त्याचा होता आणि रात्री परत द्यायचा होता. सोबत हिरा होती, कारण तिला आगर बघायचं होतं. (तिथे नांदली तेव्हा शिव्या देत होती. आता बघायचं होतं.)

मी मीठ ओढायची लांब दांड्याची फळी घेऊन बांधावर उभा राहिलो. छाती काढली. झोयाने कॅमेऱ्यात बघितलं, काही फिरवलं, परत बघितलं, मग मला बोलावून छोट्या पडद्यावर दाखवलं. पांढऱ्याफेक उजेडात एक मुंडकं तरंगत होतं. खाली काही नाही. टोपीसुद्धा गेली होती.

"सदरा कुठाय?" मी विचारलं.

"जल गया, आजोबा. इतकं सफेद कॅमेऱ्यात जळतं." मग तिने कॅमेऱ्याच्या तोंडावर एक काळी काच बसवली. गॉगलच समजा. परत दाखवलं. आता सदरा अगदी इस्त्रीच्या घडीसकट दिसत होता, मीठही दाणादाणा दिसत होतं, पण माझं तोंड तव्याच्या बुडासारखं.

"बघा," सायली म्हणाली, "चेहरा आला तर सदरा जातो, सदरा आला तर चेहरा जातो. एक काहीतरी ठरवा."

"दोन्ही पाहिजेत."

"आजोबा."

"मालक आहे तर सदरा आहे, आणि तोंड माझं आहे. त्यात ठरवायचं काय?"

त्यावर त्यांच्याकडे एक उपाय होता. चंदेरी कापडाची गोल चकती, रिफ्लेक्टर म्हणतात. ऊन तिच्यावर घ्यायचं आणि माझ्या तोंडावर टाकायचं, म्हणजे तोंड काळं पडत नाही. चकती धरायला हिराला उभं केलं. तिने असं नेम धरून ऊन मारलं की माझे डोळे मिटले ते उघडेनात. पाणी वाहायला लागलं. चाळीस-पन्नास वर्षांचा राग त्या उजेडात होता असं माझं मत आहे. थोड्या वेळाने उजेड गेला. बघतो तर बाईने चकती डोक्यावर धरली होती.

"ऊन किती हाय बगा," ती म्हणाली. "ही छत्री चांगली हाय."

त्यात माझी आणि कॅमेऱ्याची दुसरी कटकट. "कॅमेऱ्यात बघू नका," हे त्या दोघी सारख्या सांगत होत्या. समोरचा आपल्याकडे टक लावून बघतोय आणि आपण त्याच्याकडे न बघता बोलायचं, ह्याला आमच्यात माज म्हणतात. मी दर वेळी त्याच्याकडे बघूनच बोललो. शेवटी सायली दमली. म्हणाली, "संध्याकाळी ऊन उतरलं की उजेड मऊ होतो, सोनेरी. तेव्हा तुमचा सदराही येईल आणि चेहराही येईल. तोपर्यंत जेवून घेऊ."

म्हणजे मी जिंकलो होतो. इथे गप्प बसलो असतो तर आज वसंता कचेरीतला वसंताच राहिला असता.

पण आमची एक पद्धत आहे. आगरात नवीन अवजार उतरलं, फळी असो, टोपली असो, की कामाआधी मिठाची मूठ त्याच्यावरून उतरवायची. नजर लागत नाही, काम निर्विघ्न होतं. मला वाटलं, सकाळपासून एवढी विघ्नं आली ती ह्याच्यामुळेच. कॅमेरा तिकाटण्यावर उभा होता, पोरी डबे उघडत होत्या. मी राशीतली ओली मूठ घेतली, देवाचं नाव घेतलं आणि कॅमेऱ्यावरून नीट उतरवली. तेवढ्यात खाडीवरून वारा आला. वाऱ्याला मी बोलावलं नव्हतं.

झोया धावत आली. भिंगाच्या नळीवर एक कडं असतं, ते फिरवून जवळचं किंवा लांबचं स्पष्ट करतात. तिने कडं फिरवलं तर जात्यात खडा आल्यासारखा आवाज. करकर.

"आजोबा, ये क्या किया आपने?"

"नजर काढली."

"मामाची लेन्स आहे ही."

पोरगी रडायला आली. मग मला राहवेना. जगात कुणाला कशातलं काय कळतं ते कळो, मिठातलं मला कळतं. मी म्हटलं, "घाबरू नको. मीठ पाण्यात विरघळतं. आण बाटली." सायली "नको, नको" म्हणेपर्यंत मी कड्याच्या फटीत पाण्याची बारीक धार सोडली आणि कडं हळूहळू फिरवलं. करकर गेली. कडं लोण्यासारखं फिरायला लागलं. झोयाने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हिचा मामा मला कामावर ठेवेल.

"आता उन्हात ठेव," मी हुकूम सोडला. "पाणी उडून जाईल."

नळी कॅमेऱ्यावरून काढली, फडक्यावर ठेवली, बांधावर, भर उन्हात. आम्ही जेवलो. मी जरा आडवाही झालो. दुपारभर ऊन कडक होतं, वारा चांगला होता. मीठ पिकायला ह्याहून चांगली हवा नाही हे मी स्वतः हिराला म्हणालो. ती नुसती नळीकडे बघत होती.

"अवं," ती म्हणाली, "आगरात पानी उडून जातं तवा मागं काय ऱ्हातं?"

मी म्हटलं, "झोप जरा."

ऊन उतरलं. उजेड खरंच सोनेरी झाला. मिठावर, बांधावर, सगळीकडे. मी टोपी सारखी केली, फळी घेतली आणि उभा राहिलो. झोयाने नळी बसवली, कडं फिरवलं. कडं हलेना. मामाच्या दुरुस्तीवाल्याने पुढे ती खोलली, तेव्हा आतून पांढरे चौकोनी दाणे निघाले. "इसमें तो नमक पका है," असं तो म्हणाला म्हणे. मला ऐकून, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं. आमच्या घराण्याचं ते शेवटचं पीक.

पण त्या संध्याकाळी बरं वाटण्यासारखं काही नव्हतं. कडं अगदी जवळच्यावर अडकलं होतं. हातभर अंतरावरचं तेवढं स्वच्छ दिसायचं, त्यापलीकडे सगळा धूर. माझं तोंड दिसायला कॅमेरा हातभर जवळ आणला तर नुसतं नाक यायचं आणि कान धुरात जायचे. दुसरी नळी आणली नव्हती. उजेड चालला होता.

सायली रागावली नाही. तिने झोयाला सांगितलं, "हात घे. फळी धरलेले हात घे, फक्त हात." झोया खाली बसली आणि उजेड संपेपर्यंत त्यांनी माझे हात घेतले. कोपरापर्यंत बाह्या मागे सारून, म्हणजे सदराही नाही.

पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाची तरी नळी मिळाली. सायली सकाळी येऊन म्हणाली, "आजोबा, आज चेहऱ्याचं काम करून टाकू. पण बनियन घालूनच. ही नळी संध्याकाळच्या आत परत द्यायचीय, आणि पाठवायची तारीखही जवळ आली."

मी म्हटलं, "सदरा नाही तर मी नाही."

आता आमच्यात रुसलेल्याला परत बोलावतात. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा बघू म्हणायचं, तिसऱ्यांदा उठायचं. लग्नातल्या पंगतीत, भावकीच्या बैठकीत, सगळीकडे हेच. ही पोर माझ्या घरात वाढली, तिला हे ठाऊक असेल असं मी धरून चाललो. ती "बरं" म्हणाली आणि गेली. मी आत जाऊन बनियन घातलं. हो, मळकं. वर शाल घेतली आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलो. दुसऱ्यांदा बोलवायला येईल म्हणून. दुपारी हिराने तिथेच चहा आणून दिला आणि सांगितलं की वसंता गेलाय शूटिंगला.

"त्याला कुणी बोलावलं?"

"सायलीनं. लगेच व्हय म्हनला. बनियन त्याचं त्यानंच फाडलं."

हॉलमध्ये सिनेमा दाखवला तेव्हा मी सदरा घालून पहिल्या रांगेत होतो. वसंताचं तोंड पडद्यावर आलं. काय सांगू, माणूस चांगला दिसला. कॅमेऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. मिठात अनवाणी उभा राहिला म्हणून पाय झोंबले, डोळ्यांत पाणी आलं, ते लोकांना दुःख वाटलं. मग माझे हात आले. सोनेरी उजेडात, फळीवर, एक-एक भेग दिसत होती. मग परत त्याचं तोंड. कुठे जोड दिसत नव्हता. मागच्या रांगेतल्या गुजराती भाभी रडत होत्या.

नंतर सगळे वसंताभोवती जमले. भाभी म्हणाल्या, "भाईसाब, आपके हाथ देखके तो मेरे को मेरे बापू याद आ गए."

वसंताने पँटच्या खिशातले हात बाहेर काढले नाहीत. म्हणाला, "सगळी आगराची कृपा."

मी दोन पावलं पुढे गेलो. सांगणार होतो. पण सायली समोर उभी होती. तिचा चेहरा असा फुलला होता की त्यात मला कुठे बोट घालायला जागा सापडली नाही. मी वसंताला म्हटलं, "छान केलंस." तो म्हणाला, "दाजी, तुम्ही असतात तर आणखी खरं वाटलं असतं." हे त्याने मनापासून म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

सायलीला कॉलेज मिळालं. आता तिकडेच राहते, अधूनमधून फोन करते. परवा बोलता बोलता म्हणाली, "आजोबा, पुढच्या सिनेमात तुमचा चेहरा घ्यायचाय, नुसता चेहरा." मी स्पष्ट सांगितलं की मला वेळ नाही. ती "बरं" म्हणाली.

तेव्हापासून मी रोज सकाळी दाढी करून बसतो. हिरा विचारते, "कुटं जायचंय?" मी म्हणतो, "कुठे नाही." आणि ते तंतोतंत खरं आहे.