सहा वाजताचा फोन

माझे वडील शिरूरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. बैलाच्या खांद्याची जखम धुणं, म्हशीला औषध पाजणं, डॉक्टर इंजेक्शन देताना जनावर धरून ठेवणं, हे त्यांचं काम. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. नव्वदच्या दशकात आमच्या भागात साहेबलोकांच्या घरी लाडाची कुत्री दिसायला लागली. सुट्टीत ही माणसं फिरायला निघाली की प्रश्न पडायचा, कुत्र्याचं काय करायचं? मग कुणीतरी आप्पांचं नाव सांगायचं. आमची वस्ती एसटी डेपोच्या मागं, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. एरवी आमच्याकडं पाणी न पिणारी माणसंही आपलं कुत्रं आमच्या ओट्यावर बांधून जायची.

आप्पांची एक पद्धत होती. आठवडाभर आधी कुत्र्याला दोन तासांसाठी घेऊन या, मग दिवसभरासाठी, मग मुक्कामाला सोडा. त्याची चादर न धुता आणा, घरचा वास राहू द्या. "आन् जाताना रडू नका," ते सांगायचे. "तुम्ही घाबरला की ते घाबरतंय. भाजी आणाय निघाल्यावानी उठा आन् चालू पडा." त्यांच्या बोलण्यानं कुत्र्याआधी माणसंच शांत व्हायची.

दौंडच्या एका हायस्कुलातल्या बाई अशाच आल्या. त्यांचे यजमान कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत साहेब होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. पांढरी, दाट केसांची एक पॉमेरियन कुत्री होती आणि बाई तिला पिल्लूच म्हणायच्या. वर्षभरापूर्वी साहेबांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी थंड हवेत नेऊन आणा म्हणून सांगितलं होतं. मे महिन्यात दोघं बारा दिवसांसाठी हिमाचलला निघाली होती.

बाईंनी आप्पांचं सगळं ऐकलं. दौंडहून तीनदा आल्या. न धुतलेली चादर आणली, स्वतःची वापरातली साडी आणली. आमच्या घरात बसून चहा प्यायल्या, कप स्वतः विसळून ठेवला. तेव्हाच मला त्या आवडल्या. जाताना मात्र ओट्यावरून उतरल्या आणि परत फिरल्या. म्हणाल्या, "मामा, माझा जीव रमणार नाही तिकडं. मी रोज फोन करीन."

आमच्याकडं फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचा नंबर त्यांना दिला. वेळ ठरली संध्याकाळी सहाची. पहिले दोन दिवस मी कुत्रीला उचलून बूथवर नेलं. रिसीव्हर तिच्या कानाला लावला. बाईंचा आवाज आला की ती कान टवकारायची आणि रिसीव्हर चाटायची. बूथवाला हसायचा.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, डीएडच्या प्रवेशाच्या खटपटीत. आई मांडवगण फराट्याला तिच्या भावाकडं गेली होती. तिसऱ्या दिवशी आप्पा दवाखान्यात गेल्यावर मला एक दाखला आणायला तहसील कचेरीत जायचं होतं. गल्लीतली कुत्री खिडकीशी येऊन भुंकायची, म्हणून मी खिडकी लावून घेतली. पंखा सुरू केला, पाण्याचं भांडं भरलं, दाराला बाहेरून कडी घातली. तासाभरात येईन, असं मनात होतं.

दाखला लवकर मिळाला. पण कचेरीबाहेर कॉलेजची मैत्रीण भेटली. आम्ही उसाचा रस प्यायलो, मग तिच्या घरी गेलो. तिचं लग्न ठरलं होतं, तिनं साड्या दाखवल्या. तिच्याकडचा पंखा बंद होता. म्हणाली, अकरापासून लाईट नाही. मी ते ऐकलं, आणि तरीही अजून दोन साड्या बघितल्या. हे मला आजही नीट आठवतं.

घरी पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. कडी काढली तर आतून भट्टीसारखी वाफ आली. पाण्याचं भांडं उपडं होतं. कुत्री दाराच्या फटीशी नाक लावून आडवी पडली होती. जीभ बाहेर, काळसर झालेली. अजून श्वास चालू होता. दाराच्या आतल्या बाजूला खालपर्यंत नखांचे ओरखडे होते.

मी शेजारच्या पोराला दवाखान्यात पिटाळलं. आप्पा सायकलवर आले. ओल्या पोत्यात तिला गुंडाळलं, पायाला सलाइन लावलं, तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं. चार वाजता ती गेली.

उन्हाळ्यात मढं ठेवता येत नाही. आप्पांनी तिला तिच्याच चादरीत बांधलं, सायकलच्या कॅरियरवर ठेवलं. आम्ही घोड नदीच्या काठाला गेलो. त्यांनी खड्डा खणला, मी हातानं माती लोटली. परत येताना ते म्हणाले, "सहा वाजत्याल आता."

"काय सांगायचं आप्पा?"

"बघू."

बूथवर त्यांनी रिसीव्हर घेतला. बोटांच्या पेरांत नदीची माती तशीच होती. पलीकडून बाई काहीतरी विचारत होत्या. आप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "व्हय बाई. खाल्लं. आता झोपलीया. साहेबांची तब्येत कशीय?"

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्या माणसाचं काळीज आधीच अधू हाय. तिकडं डोंगरात काय झालं तर? आल्यावर सांगू. समोर बसून सांगू."

पण बाई रोज फोन करत होत्या. दुसऱ्या दिवशी आप्पांना ड्यूटीवरून यायला उशीर झाला आणि फोन मला घ्यावा लागला. "तिला आण ना फोनवर," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, ती आप्पांबरोबर फिरायला गेलीय. त्याच्या पुढच्या दिवशी म्हटलं, तुमची साडी अंगाखाली घेऊन बसते. एकदा त्यांनी विचारलं, "माझं नाव काढल्यावर काय करते गं?" मी म्हटलं, "शेपूट हलवते बाई." खोटं बोलायला मला दिवसागणिक सोपं जात होतं, याचीच मला भीती वाटायला लागली.

ती दोघं शिरूरला येण्याआधीच त्यांना गाठायचं आप्पांनी ठरवलं. त्यांची गाडी सकाळी दौंडला येणार होती. आम्ही पहाटेची एसटी धरली, प्लॅटफॉर्मवर जाऊन थांबलो. बाईंनी डब्यातूनच आम्हाला पाहिलं. त्यांचा चेहरा फुलला. उतरल्या आणि आमच्या पायांशी बघायला लागल्या, मग पिशवीकडं.

"कुठंय?"

आप्पांनी हात जोडले. "बाई, ती ऱ्हायली न्हाई. माझ्या हातनं झालं. मी कोंडून ड्यूटीवर गेलो, लाईट गेली."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

बाई ट्रंकेवर बसल्या. म्हणाल्या, "कधी?"

"तिसऱ्या दिवशी."

त्या मनात काहीतरी जुळवत होत्या. मग माझ्याकडं वळल्या. "शेपूट हलवते म्हणालीस तू."

साहेबांनी त्यांना उठवलं. आप्पांना म्हणाले, "मेली ते समजू शकलो असतो." एवढंच बोलून त्यांनी बॅगा उचलल्या.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "आप्पा, तुम्ही स्वतःवर का घेतलं?"

"माझ्या हाताखाली रोज जनावरं मरत्यात. तुझं समदं व्हायचं हाय. शाळंतल्या बाई हायत त्या, उद्या कुठं गाठ पडंल सांगता येतंय?"

त्यानंतर त्यांनी एकही कुत्रं ठेवून घेतलं नाही. आलेल्यांना ओट्यावरूनच माघारी पाठवायचे. निवृत्त झाले आणि चारच वर्षांत वारले.

मी शिक्षिका झाले. दौंड तालुक्यातल्याच एका गावात मला नोकरी लागली. आप्पा गेल्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बाईंचा पत्ता काढून गेले. साहेब आता हयात नव्हते. बाई थकल्या होत्या, पण मला ओळखलं. दारातच उभं राहून मी सगळं सांगितलं. कडी मी घातली होती, साड्या बघत मी बसले होते.

बाईंनी भिंतीला हात टेकला.

"मी त्यांना पत्र लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आल्या आल्याच. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं.

"त्यात मी लिहिलं होतं, तुमच्या लोकांवर विश्वास टाकला, हीच माझी चूक. 'तुमच्या लोकांवर' असं लिहिलं होतं मी." "त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, तोंडच नसेल. ते पत्र सापडलं तर फाडून टाकशील?"

त्यांनी बस म्हटलं, पण मी दारातूनच वळले. स्टँडकडं चालताना डोक्यात एकच घोळत होतं. आप्पांना वाचता येत होतं, पण पत्र आलं की ते मलाच वाचायला द्यायचे. हे तेवढं एक त्यांनी स्वतः वाचलं होतं आणि मग माझ्याबरोबर जेवायला बसले होते.

घरी जाऊन मी त्यांची पेटी उपसली. पगाराच्या पावत्या होत्या, माझा डीएडचा निकाल होता, दवाखान्यातून मिळालेलं निरोपाचं प्रशस्तिपत्र होतं. पत्र नव्हतं.