त्याला सीमेवर मारू नका

तार आली तेव्हा माझ्या मित्राचे, विलासचे, वडील तात्या दाराशी स्टुलावर बसून दाढी करत होते. आमच्या मरोळच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून मी घरी होतो. चाळीत इंग्रजी तार वाचायची वेळ आली की माणसं माझ्याच दाराशी येत. त्या दिवशी मात्र तारवाल्याच्या चेहऱ्याकडे बघून तात्यांनी मला नुसती हाक मारली. मी तार आधी मनात वाचली. मग तीच पुन्हा वाचली, कारण मोठ्याने काय बोलायचं ते सुचेना. विलास गेला, एवढंच त्या चार ओळींत होतं... आणि कुठे गेला तेही होतं. श्रीलंका. अगदी स्पष्ट, सुटी सुटी अक्षरं. मी सांगितलं तेव्हा तात्या रडले नाहीत. आत काकी भाकऱ्या थापत होत्या, तो थापण्याचा आवाज थांबला. तात्यांनी विचारलं ते एवढंच, "खंय?" मी म्हटलं, "लंकेत." त्यांनी मान हलवली आणि वस्तरा वाटीत ठेवला. अर्ध्या चेहऱ्यावरचा साबण तसाच वाळून गेला.

त्याला आता दोन महिने होतील. मी लेखक नाही. कारखान्यात यंत्रांच्या भागांची चित्रं काढतो, ड्राफ्ट्समन आहे. पण या दोन महिन्यांत जे झालं ते कुठेतरी, एकदा, नीट लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

विलास आणि मी नाहूरच्या एकाच चाळीत वाढलो. त्याचं घर कोपऱ्यातलं, आमचं त्याला लागून. मधली भिंत इतकी पातळ, की परीक्षेच्या दिवसांत तो पलीकडून मोठ्याने पाढे म्हणायचा आणि मी इकडून त्याच्या चुका काढायचो. शरीराने तो दणकट, कबड्डीत पक्का, आणि बोलायला इतका सडेतोड, की लहानपणी त्यावरून त्याने अनेकदा मार खाल्ला. सरांनी विचारलं, काच कोणी फोडली, तर आम्ही सगळे जमिनीकडे बघायचो. हा सांगून मोकळा व्हायचा, मी फोडली. पुढे एकदा मी त्याच्यावर चिडून विचारलं होतं, गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? तो म्हणाला, काच तर फुटलीच ना, मग ती कोणीतरी फोडली असणारच. असलं साधं गणित होतं त्याचं. फौजेतून पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा मी चाळीतल्या पोरांना मोठ्या ऐटीत सांगितलं, हा आता कमांडो झालाय. त्याने सगळ्यांसमोर माझी वाट लावली. कसला कमांडो, म्हणाला, सहा महिने बटाटे सोललेत आणि खड्डे खणलेत.

तो फौजेत गेला त्यात देशभक्ती किती आणि गरज किती, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तात्या गिरणीत होते. संप झाला, लांबला, गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. तात्यांना मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी मिळाली. आयुष्यभर कापड विणणाऱ्या साच्यांवर उभा राहिलेला माणूस दिवसभर फाटकाशी बसायला लागला, ते विलासला बघवत नव्हतं. भरतीला आम्ही दोघं बरोबरच गेलो. मी छाती मोजण्यातच बाद झालो, तो पास झाला. परतताना माझा चेहरा पडलेला बघून म्हणाला, "सुन्या, तू बाद झालास ते बरं झालं. दोघंही गेलो असतो तर आयांकडे कोणी बघायचं?" तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता ते वाक्य आठवलं की...

शेवटचे भेटलो ते गेल्या गणपतीत. तो रजेवर आला होता. आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्याचा, आणि चालीत न बसणाराही त्याचाच. विसर्जनाला दोन दिवस राहिले असताना त्याला परत बोलावल्याची तार आली. मी त्याला पोचवायला निघालो आणि आम्ही वाटेत चहा प्यायला थांबलो. मी विचारलं, कुठे रे जाणार? म्हणाला, लंकेत बहुतेक. मी हसलो. रावणाच्या? तोही हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "शांतिसेना म्हणतात आम्हाला. पण रायफल घेऊन जातोय ना यार." मी विचारलं, आपलं भांडण कोणाशी आहे? त्याने खांदे उडवले. म्हणाला, तिथे दोघांचं भांडण आहे, आपण मध्ये उभं राहायचं. मध्ये उभा राहणारा दोन्हीकडून मार खातो, हे मला कबड्डीवरून माहीत आहे. पण बघू.

तिकडून त्याची दोन पत्रं आली. पहिल्यात सगळी मौज होती. लोकांनी हार घातले, शहाळी फोडून दिली. माड, तांबडी माती, शेणाने सारवलेली अंगणं, सगळं तात्यांच्या गावासारखं, फक्त भाषा कळत नाही. दुसरं पत्र माझ्या नावाने, कारखान्याच्या पत्त्यावर आलं. घरी कोणी वाचू नये म्हणून. त्यात हार नव्हते. त्याने लिहिलं होतं, आता आम्ही गावात शिरलो की बायका दारं लावून घेतात. काकींच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, वयाच्या बायका. "तसंच घर, तशीच पडवी, आणि आत आईच बसलीय आणि तिने मला बघून कडी घातली असं वाटतं. सुन्या, हे कोणाला सांगू नकोस." मी आज ते सांगतोय. त्याचं मी न ऐकलेलं हे एकच. पण न सांगून जे झालं ते बघता, त्याने मला माफ केलं असतं असं वाटतं.

देह आला नाही. त्याच्या तुकडीतले एक सुभेदार अस्थी आणि काळी ट्रंक घेऊन आले. मूळचे साताऱ्याकडचे, पन्नाशीला टेकलेले. काकींनी पाणी दिलं तर दोन्ही हातांनी घेतलं. त्यांनी काहीही फुगवून सांगितलं नाही. रस्त्यात सुरुंग होता. पुढची गाडी उडाली, हा मागच्या गाडीतून उतरून जखमींना काढायला धावला, तिथे दुसरा सुरुंग होता. तात्यांनी विचारलं, कशासाठी होती ही लढाई? सुभेदारांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "ते मला विचारू नका. मला सांगता येणार नाही. पण तुमचा मुलगा कुठं पडला आणि काय करताना पडला, ते मी डोळ्यांनी बघितलंय. तेवढं खरं आहे." तात्यांनी त्यांचे हात हातात घेतले. एवढ्या दिवसांत त्यांचं समाधान झालेलं मी पाहिलं ते तेव्हा, एकदाच.

कारण त्यानंतर आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं मरण बदलायला सुरुवात केली. आम्ही म्हणतो, त्यात मी पहिला. कारखान्यात लोक विचारायचे, तुझा मित्र गेला म्हणे, कुठे? सुरुवातीला मी लंका सांगितलं. मग पुढचे प्रश्न यायचे. लंकेत आपलं काय काम? शांतिसेना ना, मग मेला कसा? ज्यांच्यासाठी गेलो तेच आपल्यावर उलटले म्हणे, कशाला जायचं दुसऱ्यांच्या भानगडीत? कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, पण प्रत्येक प्रश्नागणिक विलास थोडा थोडा मूर्ख ठरत होता. एक दिवस कंटाळून मी म्हटलं, बॉर्डरवर. समोरच्याने लगेच मान खाली घातली, हात जोडले. एक शब्द बदलला आणि माझा मित्र शहीद झाला. मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग गणपती मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. आमच्या भागातले एक पुढारी आले. विलासचं नाव त्यांना कागदात बघावं लागलं, ते चालण्यासारखं आहे, माणूस व्यापात असतो. पण पुढे त्यांनी हात उंचावून सांगितलं, की आपल्या या नाहूरच्या वाघाने पाकिस्तानच्या गोळ्या छातीवर झेलल्या. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! पहिल्या रांगेत बसलेले तात्या उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "सायेब, माझो झील पाकिस्तानशी लढाक नाय गेल्लो. तो लंकेत मेलो." पुढाऱ्यांनी मंडळाच्या चिटणिसाकडे बघितलं. चिटणीस धावत आला, तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तात्या, बसा. तेच ते. देशासाठीच ना शेवटी?"

तेच ते. हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या कानात आहेत. चोवीस वर्षांचा मुलगा, कोणत्या देशात, कोणत्या रस्त्यावर, कोणाला वाचवताना गेला, आणि त्याला तिथे कोणी आणि का पाठवलं, हे सगळं तेच ते? ज्यांना समुद्रापलीकडच्या लढाईत पाठवायचं, त्यांचं मरण मात्र आपल्या ओळखीच्या, सोयीच्या जागी आणून ठेवायचं. कारण सीमेवर मेलेल्याला हार घातला की काम संपतं. लंकेत मेलेला प्रश्न विचारतो. तात्या खाली बसले नाहीत. सभा संपेपर्यंत उभे राहिले, आणि पुढाऱ्यांनी पुढची दहा मिनिटं त्यांच्याकडे न बघता भाषण केलं.

गल्लीच्या तोंडाशी पाटी लावायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं, श्रीलंकेत जखमी साथीदारांना वाचवताना मरण आलं. चिटणिसाने कागद वाचला आणि ‘श्रीलंकेत’पासून पुढचं खोडून वर ‘सीमेवर लढताना वीरमरण’ केलं. मी विरोध केला, नाही असं नाही. पण तो म्हणाला, येणारे-जाणारे वाचणार, त्यांना काय कळणार, उगाच दहा फाटे फुटतात, आणि साहेबांच्या हस्ते उद्घाटन आहे. मी गप्प बसलो. तात्यांनाही सांगितलं नाही. काच कोणी फोडली म्हटल्यावर जमिनीकडे बघणारा तो मुलगा मी अजून आहेच.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं आणि पाटीवरचा कपडा ओढला. तात्या पुढे झाले. त्यांना वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर लावून वाचतात. सगळं गाव बघत असताना त्यांनी ती पाटी मोठ्याने वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत. मग वळले आणि घराकडे चालू लागले. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. पाच मिनिटांत ते परत आले, हातात सोसायटीचं फाटक रंगवून उरलेला काळा रंग आणि ब्रश. वॉचमनच्या खाकी गणवेशातच होते, पुढे ड्यूटी होती. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी ‘सीमेवर’वर आडवी रेघ मारली आणि वर वाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘लंकेत’.

चिटणीस पुढे आला. तात्या, ही मंडळाची पाटी आहे, असं करता येत नाही, म्हणाला. तात्या ब्रश पुसत होते. "पाटी तुमची," ते म्हणाले. "झील माझो. तो खंय मेलो, ता मीच सांगतलंय."

चिटणिसाने माझ्याकडे बघितलं, मी समजूत घालीन म्हणून. तेव्हा, आयुष्यात उशिरा का होईना, मी तोंड उघडलं. म्हटलं, बरोबर लिहिलंय त्यांनी. माझ्या कागदावर हेच होतं, तुम्ही खोडलंत. एवढंच बोललो. फार मोठं काही केलं नाही. पण तात्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्या बघण्यात मला कळलं, की मजकूर माझ्या हातून गेला होता हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

तीन दिवसांनी पाटी दुरुस्तीसाठी काढली. अजून लागलेली नाही. विचारलं की बघू म्हणतात. भिंतीत चार भोकं आहेत. मंडळाच्या एका माणसाने मला बाजूला घेऊन सुचवलं, तात्यांना जरा सांगा, नुसतं ‘वीरमरण’ लिहू, जागेचं नावच नको. मी त्याला म्हटलं, त्याला सीमेवर मारू नका आणि हवेतही मारू नका. तो जिथे मेला तिथे त्याला मरू द्या.

परवा तात्यांकडे गेलो होतो. काकींनी चहा टाकला. आणखी कोणी नातलग भेटायला आले होते, गावाकडचे. बसतात न बसतात तोच तात्यांनी कपाटावरून एक घडी केलेला कागद काढला. शाळेच्या मुलांसाठी दुकानात मिळतो तो नकाशा. मुलुंडहून ड्यूटीवरून येताना त्यांनी तो आणलाय. आलेल्या प्रत्येकाला दाखवतात, काकी सांगत होत्या, अगदी दूध टाकायला येणाऱ्या भैयालासुद्धा. त्यांनी नकाशा गुडघ्यावर पसरला. बोट मुंबईवर ठेवलं, मग किनाऱ्याकिनाऱ्याने हळूहळू खाली नेलं, रत्नागिरी, मालवण, गोवा, केरळ, टोकापर्यंत. तिथे बोट जमीन सोडून पाण्यावर आलं, निळ्या पट्टीवरून पलीकडे गेलं आणि त्या बेटाच्या वरच्या टोकाला थांबलं. पाहुणे वाकून बघत होते. त्या जागी बोटांच्या मळाने कागद काळवंडलाय. खाली छापलेलं गावाचं नाव आता वाचता येत नाही. तात्यांनी बोट उचललं नाही. पाहुण्यांपैकी एकाने ते नाव विचारलं, तेव्हा त्यांनी ते सांगितलं. मग दुसऱ्याला नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं.